आपल्या वाड्यात हापसा नव्हता

आमच्या घरात पहिला जपानी कार्टून-सिनेमा आला तो रामाच्या रूपानं, आणि आला तोही थेट पंचवटीत. काळारामाच्या पूर्व दरवाजापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. केबलवर दुपारी तो सिनेमा लागायचा, पुन्हा पुन्हा लागायचा, आणि आम्ही पोरं भिंतीला पाठ टेकून तो बघायचो. रामाला आवाज अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरींचा. त्यामुळे ही चित्रं कुठल्या देशात काढली असतील, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. पडला तो आजीला. "एवढाले डोळे कोणाचे असतात गं?" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि पुढं तिनंच तो सिनेमा घरात सगळ्यांत जास्त वेळा पाहिला.

त्यामागची हकिगत मला फार उशिरा कळली. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक 1983 साली एका माहितीपटासाठी भारतात आले होते. रामायणातल्या स्थळांवर पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी केलेल्या उत्खननाबद्दलचा तो माहितीपट. त्या निमित्तानं ते रामायणात शिरले आणि तिथंच रमले. राम देव आहे, तेव्हा नटानं त्याचं सोंग घेण्यापेक्षा त्याला चित्रातच दाखवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. आपल्याकडचे ॲनिमेटर राम मोहन यांना बरोबर घेऊन त्यांनी तो सिनेमा 1992 मध्ये पुरा केला. तो भारतभर थिएटरांत रीतसर लागायला मात्र जानेवारी 2025 उजाडलं. साको 2012 मध्येच गेले होते.

पण सांगायचंय ते आजीचं. वनवासाचा भाग आला की वाती वळणारा तिचा हात थांबायचा. पर्णकुटी, भोवतीची हिरवी झाडी, मग ते सोन्याचं हरीण. "आमच्या लहानपणी तपोवनाकडं अश्शीच झाडी होती," ती म्हणायची. एकदा दादानं तिला अडवलं, "आजी, तू तर येवल्याची." आजी जराही डगमगली नाही. "लग्न होऊन आले तेव्हा लहानच होते की मी." आणि मग तपोवनाची झाडी, तिथं लाकडं आणायला जाणाऱ्या बाया, सासूची नजर चुकवून गंगेवर काढलेली एखादी दुपार, असं काय काय ती सांगत सुटली. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. बाहेरच्यांचा गोंधळ होतो, आमचा होत नाही.) त्यातलं किती तिनं पाहिलेलं होतं आणि किती टोकियोतल्या कुणी रंगवलेलं, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. आता विचारायला आजी नाही.

त्याच्याही आधी मोगली होता. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, म्हणजे तर तो घरचाच माणूस. ती मालिकासुद्धा मुळात जपानी, 1989 सालची. म्हणजे जपानी कार्टूनला ॲनिमे म्हणतात हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी आम्ही त्यावर पोसलो गेलो होतो.

ॲनिमेचे मोठे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी मात्र भेटले ते पुण्यात. शिकायला होते तेव्हा एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर. त्या काळात हार्ड डिस्क हेच वाचनालय होतं. 'माय नेबर टोटोरो' मी होस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपच्या स्पीकरवर पुस्तकाचा आडोसा करून पाहिला. 1988 चा सिनेमा. दोन बहिणी, दहा वर्षांची सात्सुकी आणि चार वर्षांची मेई, वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुनाट घरात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. घराशेजारच्या जंगलात एक प्रचंड, केसाळ, जांभया देणारा प्राणी राहतो. यापलीकडं गोष्ट जवळजवळ नाही. पहिला बराच वेळ तर नुसतं घर उघडणं, झाडणं, पुसणं चाललंय. पोरी दारं सरकवतात, अंधाऱ्या जिन्यात डोकावतात, घामाघूम होऊन हापशावर पाणी काढतात. खलनायक नाही, सूड नाही, धडा नाही. मी ते बघताना एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही.

त्यानंतर कधीतरी आमच्या वाड्याबद्दल बोलताना मी हापसा सांगायला लागले. मागच्या चौकात, तुळशीच्या पलीकडं, हिरव्या रंगाचा, दांडा उजवीकडं थोडा वाकलेला. उन्हाळ्यात त्याचा लोखंडी दांडा तापायचा आणि आम्ही फ्रॉकचा घेर त्याला गुंडाळून हापसायचो. हे मी पुण्यात सांगितलं, नोकरीच्या गावी सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. एका दिवाळी अंकाच्या लेखातही लिहिलं.

2020 च्या फेब्रुवारीपासून मियाझाकींच्या स्टुडिओचे, म्हणजे घिबलीचे सिनेमे टप्प्याटप्प्यानं नेटफ्लिक्सवर आले. मार्चमध्ये मी आईकडं चार दिवसांसाठी म्हणून नाशिकला आले आणि टाळेबंदीत अडकले. अण्णा जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. वाडाही नव्हता. त्याच्या जागी आता पार्किंगसकट पाच मजले आहेत आणि आई गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहते. बातम्या बघून ती घाबरी व्हायची, म्हणून मी एका संध्याकाळी टोटोरो लावला. दादा बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर होता. मी उत्साहानं म्हटलं, "दादा, बघ, आपला हापसा!"

"कुठला हापसा?"

"वाड्यातला."

"आपल्या वाड्यात हापसा नव्हता. आड होता. तोही आपल्या जन्माआधी वरून फरशी टाकून बंद केलेला."

मी आईकडं पाहिलं. आई पडद्याकडं बघत म्हणाली, "हापसा शेजारच्या वाड्यात होता. तो निळा होता."

दोघांचं खरं मानावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण डोळे मिटले की मला तो हिरवाच दिसतो. दोष द्यायचा तर काझुओ ओगा यांना द्यावा लागेल. टोटोरोची पार्श्वभूमी त्यांच्या देखरेखीखाली रंगवली गेली. पात्रं बाजूला काढून नुसतं मागचं चित्र बघत बसावं असं ते काम आहे. बांधावरचं गवत म्हणजे हिरवा पट्टा नाही. त्यात वेगवेगळी तणं आहेत, प्रत्येकाचं पान निराळं. मातीला ओल कुठं आहे आणि ऊन कुठं, ते कळतं. ते गाव 1950 च्या दशकातलं, टोकियोबाहेरच्या सायामा टेकड्यांच्या परिसरावरून घेतलेलं. मियाझाकी तिथंच तोकोरोझावाला राहतात. त्या टेकड्यांवर घरं चढू लागली तेव्हा लोकांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली आणि त्याला टोटोरोचं जंगल म्हणून जपलं. आमच्या चौकाच्या तुकड्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

एवढ्या तपशिलानं रंगवलेलं घर माणसाच्या डोक्यात शिरलं, तर तिथं आधीपासून असलेल्या पुसट घराचं काय होणार? माझ्या आठवणीतल्या वाड्याला ना धड रंग होता ना धड उजेड. ओगांनी तो पुरवला. मी तो माझाच समजून वापरला.

मध्येच एक सांगते. टोटोरोत रात्री पोरींनी पेरलेल्या बिया टोटोरो अंग ताणून, छत्री वर करून उगवून दाखवतो. अंकुर फुटतात, वेटोळे घेत चढतात आणि बघता बघता आभाळाएवढं झाड होतं. हा प्रसंग बघताना मला दर वेळी आपले दादासाहेब फाळके आठवतात. जन्म त्र्यंबकचा, शेवट नाशिकला 1944 साली, आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपलं सगळं बिऱ्हाड नि कारखाना घेऊन ते आले तेही इथंच. सिनेमासाठी कुणी पैसे देईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक-एक चित्र घेत त्याचं रोप वाढताना पडद्यावर दाखवलं. बघणाऱ्याला ती जादू वाटली आणि भांडवल उभं राहिलं. पुढं काड्यापेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज'ही केली. मियाझाकींच्या कानावर यातलं काही गेलं असण्याचं कारण नाही. पण पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकावर शाळेच्या सहली येतात, तेव्हा तिथं कुणीतरी पोरांना हा वाटाणा सांगावा असं मला फार वाटतं.

टोटोरोतला माझा सगळ्यांत लाडका प्रसंग बसस्टॉपचा. पाऊस लागलाय, वडील छत्री विसरून गेलेत, आणि दोघी बहिणी त्यांची छत्री घेऊन स्टॉपवर थांबल्यात. अंधार पडतो. मेई पेंगुळते, सात्सुकी तिला पाठीवर घेते. शेजारी येऊन उभा राहतो तो टोटोरो, डोक्यावर एक पान ठेवून. कुणी काही बोलत नाही. छत्रीवर थेंब पडतात आणि त्याला त्या आवाजाची गंमत वाटते. बस येत नाही, येत नाही, आणि येते तेव्हा ती मांजर असते.

हा प्रसंग माझ्याकडं आधीपासून होता. मी आणि दादा निमाणीच्या बसस्टँडवर पावसात उभे आहोत, माझ्या हातात अण्णांची काळी छत्री, नाशिकरोडहून येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराकडं आमचे डोळे. अण्णा प्रेसमध्ये होते. (नाशिकमध्ये एवढंच म्हणतात. नोटा आणि स्टॅम्प छापणारं ते प्रेस, बाकी छापखाने वेगळे.) भज्यांचा वास, चिखल, आणि छत्री माझ्या उंचीला जड. हे मी त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा दादा फोनवर हसला. "अण्णांकडं लुना होती. ते बसनं कधी जात होते? निमाणीवर आपण कशाला उभे राहू?"

इथं मात्र मी हटले नाही. हापसा जपानी असेल, निमाणी कशी असेल? तो वास तर लॅपटॉपमधून आलेला नव्हता. आई गप्प होती. तिनं त्या दिवशी कुणाचीच बाजू घेतली नाही, आणि सिनेमा संपल्यावर स्वयंपाकघरात निघून गेली. तिला आवडला नसावा, असं मला वाटलं.

टोटोरो 1988 च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये लागला तो जोडीनं. त्याच तिकिटात दुसरा सिनेमा होता घिबलीचेच दुसरे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. एकीकडं टोटोरो आणि दुसरीकडं युद्धात उपासमारीनं मरणारी भावंडं. लहान मुलांना घेऊन थिएटरात गेलेल्या आईबापांवर काय ओढवलं असेल! ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना, 1945 च्या जूनमध्ये ओकायामावरच्या बॉम्बवर्षावातून वाचलेले. हा सिनेमा मी एकदाच पाहिला. परत बघणार नाही आणि आईला तर दाखवणारच नाही. त्यातला गोळ्यांचा लाल डबा तेवढा मनातून जात नाही. धाकटी सेत्सुको त्यातली शेवटची गोळी संपल्यावर डब्यात पाणी घालून पिते. आमच्याकडं रावळगावच्या गोळ्यांचा डबा असायचा. रावळगाव आपल्याच जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं, त्यामुळे त्या गोळ्यांविषयी आम्हाला उगीचच घरचा अभिमान. लाल डबा बनवणारी ती जपानी कंपनी जानेवारी 2023 मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी रावळगावच्या गोळ्यांचा धंदा रिलायन्सकडं गेला.

टाळेबंदी लांबत गेली तसे आमचे सिनेमेही लांबले. मग एका रात्री ताकाहातांचाच 'ओन्ली यस्टरडे' लावला, 1991 चा. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून यामागाताला खेड्यात करडईची फुलं खुडायला जाते. प्रवासात तिची पाचवीतली आवृत्ती तिच्या मागं लागते. आत्ताचा काळ 1982, आठवणींचा 1966. यात ताकाहातांनी एक फार हुशारीची गोष्ट केलीय. आत्ताचं सगळं काठोकाठ रंगवलेलं आहे. माणसं हसली की गालावर उमटणाऱ्या रेषाही दिसतात. आठवणीतली चित्रं मात्र फिकट, आणि कडेला जाता जाता पांढरी. खोलीतलं टेबल आहे, बशी आहे, पण भिंत अर्ध्यातच विरते. मुलीला जेवढं आठवतं तेवढंच काढायचं, उरलेला कागद कोरा सोडायचा. या चित्रांचे कलादिग्दर्शकही तेच, काझुओ ओगा. ज्यांनी टोटोरोत तणसुद्धा सोडलं नाही, त्यांनी इथं भिंती सोडून दिल्या. मला यात घिबलीच्या इतर कुठल्याही जादूपेक्षा जास्त कसब वाटतं, आणि हे मत मी कुणाशीही भांडून टिकवायला तयार आहे.

त्यात अननसाचा एक प्रसंग आहे. ताएकोच्या हट्टामुळं वडील ताजा अननस आणतात. तो कापायचा कसा हेच कुणाला माहीत नसतं. मग एक दिवस मोठी बहीण शिकून येते, सगळं घर भोवती जमतं, फोडी होतात, तोंडात जातात आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. आंबट, कडक. बाकीचे आपापल्या फोडी ताएकोकडं सरकवतात आणि ती हट्टानं चावत बसते.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "आमच्याकडं सफरचंदाचं असं होतं," ती म्हणाली. सफरचंद तेव्हा आजारी माणसालाच. कुणाच्या पिशवीत सफरचंदं दिसली की समोरचा विचारायचा, कोण ॲडमिट आहे? "मी देवळालीला होते तेव्हा तुझे अण्णा आणायचे. मला जात नसत. मी तुमच्यासाठी परत पाठवायचे आणि तुझी आजी ती शेजारी वाटून टाकायची, आजाऱ्याचं फळ पोरांना नको म्हणून."

देवळालीचा उल्लेख आमच्या घरात सहसा होत नसे. मी चौथीत असताना आईच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं आणि देवळालीकडच्या एका दवाखान्यात ती बरेच महिने होती, हे मला माहीत होतं, पण माहितीसारखं माहीत होतं. टोटोरोत मेई आईसाठी मक्याचं कणीस घेऊन एकटीच दवाखान्याकडं निघते आणि हरवते. मियाझाकींची आईसुद्धा त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. त्या संध्याकाळी आई उठून स्वयंपाकघरात का गेली, ते मला तेव्हा सुचायला हवं होतं.

'ओन्ली यस्टरडे'मध्ये पुढं बाप ताएकोला थोबाडीत मारतो. आयुष्यात एकदाच. क्षुल्लक कारण, बाहेर जायचं असतं, ती रुसलेली, मग पायांत काही न घालता दारात धावत येते, आणि चटकन हात. मी म्हटलं, "अण्णांनीही मला एकदाच मारलं होतं. का, ते आठवत नाही. गाल आठवतो, आणि त्यांचा हात ओला होता एवढं."

आई म्हणाली, "पावसानं ओला होता. निमाणीवरून आणलं होतं त्यांनी तुला."

मी सिनेमा थांबवला.

"तू अण्णांची वाट बघत नव्हतीस. देवळालीची बस कुठली म्हणून कंडक्टरला विचारत होतीस. छत्री घेऊन एकटी गेली होतीस. दादा शाळेत होता. तुझी आजी आधी गंगेवर धावली. तिला वाटलं, पोरगी पाण्यात गेली. रामकुंडापासून पार खाली नारोशंकरापर्यंत विचारत गेली बिचारी. तोवर अण्णा प्रेसमधून आले आणि लुनावरून थेट निमाणीला गेले. त्यांना कसं सुचलं कोण जाणे."

टोटोरोत सगळं गाव तळ्यात मेईला शोधतं, कारण तिथं एक लहान चप्पल सापडते. ती तिची नसते. आई हे त्या सिनेमावरून तर सांगत नाही ना, अशी शंका मला आली, आणि ती मी बोलून दाखवली. "पण आई, तू तर दवाखान्यात होतीस. तुला हे कसं माहीत?"

"तुझ्या आजीनं सांगितलं."

आणि आजी म्हणजे येवल्यात जन्मून तपोवनात बालपण काढलेली बाई! दादाला फोन लावला. त्याला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाही. मात्र छत्री काळी नव्हती, चॉकलेटी होती, याबद्दल त्याची खात्री आहे. मला आता दोन निमाण्या दिसतात. एकीत मी अण्णांची वाट बघतेय, दुसरीत आईकडं निघालेय. पाऊस दोन्हीकडं सारखाच आहे.

या सिनेमांनी मला बालपण परत दिलं वगैरे मी म्हणणार नाही. ते उसनं देतात, आणि घरातली माणसं ते दुरुस्त करायला लागतात, आणि दुरुस्त करता करता इतकी वर्षं न सांगितलेलं सांगून जातात. आईशी देवळालीबद्दल बोलायला मला चाळिशी गाठावी लागली आणि मध्ये एक अननस लागला.

आजीच्या त्या गंगेवर धावण्याचं ऐकल्यापासून 'स्पिरिटेड अवे' मला वेगळा दिसायला लागला. मियाझाकींचा 2001 चा सिनेमा, 2003 मध्ये ऑस्कर मिळालेला, सगळ्यांना ठाऊक असलेला. त्याची गोष्ट सांगत नाही. पण त्यातला हाकू हा नदीचा देव आहे आणि घराचा रस्ता विसरलाय, कारण त्याची नदीच उरलेली नाही. ती बुजवून वर फ्लॅट बांधलेत. सिनेमाची नायिका चिहिरो लहानपणी त्या नदीत पडली होती आणि नदीनंच तिला काठावर सोडलं होतं. आमच्याकडं रामशेजच्या बाजूनं अरुणा येते आणि रामकुंडापाशी गोदावरीला मिळते. हे स्थळपुराणात वाचायचं आणि श्राद्धाच्या वेळी गुरुजींच्या तोंडून ऐकायचं, कारण वस्तीतून ती वाहते ती जमिनीखालून. पंचवटीत वाढलेल्या माझ्या पिढीनं अरुणा पाहिलेलीच नाही. गोदावरीतल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं गेलं, मग ते काढा म्हणून लोक कोर्टापर्यंत गेले. त्यातलं थोडं निघालं, बरंचसं तसंच आहे. सिनेमात एक सडका, दुर्गंधीनं लडबडलेला पाहुणा हमामखान्यात येतो आणि त्याच्या अंगातून सायकल, पत्रे, कचऱ्याचे ढीग ओढून काढल्यावर कळतं की ही तर नदी. मियाझाकी स्वतः एका नदीच्या सफाईला गेले होते आणि तिथं खरोखरच सायकल ओढून काढली होती, तिथून हे आलं. कुंभमेळ्याआधी गोदापात्रातून काय काय निघतं ते पाहिलेल्या नाशिककराला या प्रसंगात कल्पनेचा भाग फारसा सापडत नाही.

पूर मात्र अजून जुन्या पद्धतीनंच मोजतात. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. टीव्हीवाले क्युसेक सांगतात, आई फोनवर मारुती विचारते.

2025 च्या मार्चमध्ये सगळं जग आपले फोटो घिबलीसारखे करून घेत होतं, तेव्हा दादाच्या मुलानं वाड्याचा एकमेव रंगीत फोटो संगणकाला देऊन त्याचं तसलं चित्र करवून घेतलं. गुबगुबीत ढग, गुलाबी गालांची आई, चौकटीवर वेल. आईनं चष्मा लावून बघितलं आणि फोन परत दिला. "छान आहे. पण एवढी स्वच्छता आपल्याकडं कधी नव्हती. आणि माझे गाल तेव्हा बसलेले होते." मी झूम करून चौकाचा कोपरा पाहिला. हापसा त्यातही नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीत मामा आला. मामा ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला. मिग-21 बांधण्यात त्याचं अख्खं आयुष्य गेलं. सप्टेंबरमध्ये हवाई दलानं त्या विमानाला निरोप दिला, तो समारंभ त्यानं टीव्हीवर एकट्यानं पाहिला आणि कुणाला फोनही केला नाही, असं मामी सांगत होती. म्हणून मी मुद्दाम 'पोर्को रोसो' लावला. मियाझाकींचा 1992 चा सिनेमा. दोन युद्धांमधला इटली, एड्रियाटिक समुद्र, आणि डुक्कर झालेला एक वैमानिक. मियाझाकींचं विमानवेड घरातलंच. युद्धाच्या काळात त्यांच्या घरच्या कारखान्यात झीरो या जपानी लढाऊ विमानांचे सुटे भाग बनायचे, आणि स्टुडिओला त्यांनी नाव दिलं तेही एका इटालियन विमानाचं.

"कार्टून?" मामा म्हणाला आणि करंजी उचलली. विमान मोडतं आणि डुक्कर ते मिलानमधल्या एका म्हाताऱ्याच्या कारखान्यात दुरुस्तीला नेतो, तिथवर तो गप्प होता. पुरुष कामाच्या शोधात बाहेर गेलेत म्हणून त्या कारखान्यात सगळं काम बायका करतात. आज्या, सुना, पोरी, सगळ्या जणी विमान बांधतायत. एक सतरा वर्षांची मुलगी आराखडा काढतेय. मामा पुढं सरकला. "थांबव जरा. मागं घे." मी मागं घेतलं. "लाकडाचं आहे हे. बघ, फळी कशी वाकवतायत." मग तो बोलायलाच लागला. ओझरच्या हँगरमधला पहिला दिवस. कान बसेस्तोवर चालणारं रिव्हेटिंग. चाचणीचं विमान वर गेलं की टाऊनशिपमधल्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि मामी ताट धरून बसायची. एकदा विमान उतरायला उशीर झाला, तेव्हा शॉपमधला एकही माणूस जेवायला गेला नव्हता.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," आई म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

दादा व्हिडिओ कॉलवर होताच. "मामा, त्या टाऊनशिपमधल्या काचा तर..."

"तू गप रे," आई आणि मामा एकदम म्हणाले.

मामानं दुसरी करंजी घेतली आणि पडद्यावर अर्धवट उघड्या पडलेल्या विमानाकडं बोट केलं. "तो म्हातारा ह्या बायांना पगार वेळेवर देतो का? लाव पुढं. डुकराचं बिल किती होतं ते बघू दे."